धूम्रपान आणि कंठ : एका परीक्षेचा इतिहास

इ. स. १८५४ मधील गोष्ट. मान्वेल गार्सिया नांवाचे एक स्पॅनिश गायनाचार्य पॅरिस शहरांतील पाले रोयाल या राजवाड्याच्या उद्यानांत फिरत होते. त्यांचें वय तेव्हां पन्नाशीच्या घरांत आलें होतें. अनेक नामांकित गायक-गायिका त्यांच्या हाताखालीं तयार झाल्या होत्या. परंतु ज्या इंद्रियापासून गाणें निर्माण होतें, तें इंद्रिय जिवंत मनुष्य गात असतांना कसें दिसतें, हें त्यांनाही कधीं पाहावयास मिळालें नव्हतें. खिडक्यांच्या तावदानांवर चमकणारें ऊन पाहतां पाहतां त्यांना एक कल्पना सुचली. त्यांनीं दंतवैद्याचा लांब दांड्याचा एक लहानसा आरसा विकत घेतला, तो ऊन पाण्यांत धरून कोरडा केला आणि आपल्याच पडजिभेशीं टेकविला. दुसऱ्या हातांतील आरशानें सूर्याचा किरण त्यावर पाडतांच त्यांना स्वतःचे स्वरतंतु उघडतांना व मिटतांना दिसले. पुढच्याच वर्षीं, म्हणजे १८५५ सालीं, लंडनच्या रॉयल सोसायटीपुढें या निरीक्षणांवरील त्यांचा निबंध वाचला गेला.

गवयाचा हा आरसा लवकरच वैद्यांच्या हातीं गेला. ट्यूर्क व चेर्माक या दोघां डॉक्टरांनीं १८५७-५८ च्या सुमारास त्याचा उपयोग रोगनिदानाकडे वळविला. सूर्याऐवजीं दिव्याचा प्रकाश वापरण्याची युक्ति निघाली, आणि घसा बसलेल्या मनुष्याचा कंठ आंतून पाहणें ही वैद्यकांतील नित्याची गोष्ट होऊन बसली. मुख आणि कंठ यांचें हेंच तर वैशिष्ट्य आहे. फुप्फुस, यकृत, हृदय हीं इंद्रियें शरीराच्या आड दडलेलीं. उलट ओठ, जीभ, गाल व टाळू हीं नुसत्या डोळ्यांना आणि स्वरयंत्र एका लहानशा आरशांत दिसतें. तेव्हां तंबाखूचा धूर ज्या वाटेनें प्रथम जातो, त्या वाटेची तो काय दशा करतो, हें मनुष्यजातीला सर्वांत आधीं कळावयास हवें होतें. प्रत्यक्षांत तसें घडलें नाहीं. रोग दिसत होता. कारण दिसत नव्हतें. तें दिसण्यास दुसऱ्याच प्रकारचा आरसा लागला, आणि तो घडविण्यांत मुंबईचाही वाटा आहे.

भारतांत ‘धूमपान’ हा शब्द तंबाखूहून फार जुना आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानांत धूमपानाचा विधि सांगितलेला आहे. औषधी द्रव्यांची वर्ति करावी, ती नळीला लावून ठराविक वेळीं व ठराविक प्रमाणांत तिचा धूर घ्यावा, म्हणजे मस्तक व कंठ यांचे कांहीं विकार शमतात, असा तो उपचार होता. त्याच ग्रंथांत अवेळीं अथवा अतिरिक्त घेतलेल्या धुरानें बहिरेपणा, अंधत्व आणि मुकेपणा येतो, असा इशाराही दिलेला आहे. या उपचारांत तंबाखूचा अर्थातच पत्ता नव्हता. कारण ती वनस्पति अमेरिकेंतील. १४९२ सालीं कोलंबसाच्या माणसांनीं क्यूबा बेटांतील लोकांना पानांचा धूर ओढतांना पाहिलें, आणि तेथून शंभर-सव्वाशें वर्षांच्या आंत ही पानें पोर्तुगीजांच्या गलबतांतून हिंदुस्थानच्या पश्चिम किनाऱ्यावर उतरून दख्खनमध्यें पसरलीं. औषधाचें जुनें नांव मात्र या नव्या व्यसनाला मिळून गेलें.

दख्खनमधून तंबाखू उत्तरेस कशी गेली, याचा वृत्तान्त असद बेग या मोगल अधिकाऱ्यानें लिहून ठेविला आहे. बादशहाच्या कामगिरीवर तो विजापुरास गेला असतां तेथें त्यानें तंबाखू पाहिली, आणि सुमारें १६०४ सालीं आग्र्यास परततांना एक रत्नजडित नळी व तंबाखू अकबरासाठीं बरोबर आणली. बादशहानें कुतूहलानें दोन-चार झुरके घेतले. शाही हकीम मात्र अस्वस्थ झाला. ज्या पदार्थाविषयीं आपल्या ग्रंथांत कांहीं लिहिलेलें नाहीं, त्याचे गुणदोष बादशहापुढें काय म्हणून सांगावे, असें त्याचें म्हणणें होतें. युरोपियन लोक मूर्ख नाहींत, आणि प्रत्येक चालीरीति केव्हां तरी नवीनच होती, असा युक्तिवाद असद बेगनें केला. त्यावर, परीक्षा केल्यावांचून दुसऱ्यांची चाल उचलणें योग्य नव्हे, असें उत्तर हकिमानें दिलें. वादांत असद बेगची सरशी झाली. स्वतः अकबरानें तंबाखूची संवय लावून घेतली नाहीं. परंतु सरदारांनीं ती घेतली, व्यापाऱ्यांनीं ती विकली, आणि हकिमानें मागितलेली परीक्षा तशीच राहिली.

योगायोग असा कीं, त्याच १६०४ सालीं इंग्लंडचा राजा पहिला जेम्स यानें तंबाखूची कठोर निंदा करणारी एक पुस्तिका प्रसिद्ध केली आणि तिच्यावरील जकातही पुष्कळ वाढविली. पुढें १६१७ सालीं जहांगीर बादशहानें आपल्या राज्यांत तंबाखूस मनाई केली. एका राजानें निंदा केली, दुसऱ्यानें बंदी केली. परंतु निंदा म्हणजे पुरावा नव्हे आणि बंदी म्हणजेही पुरावा नव्हे. धूर ओढणारा आपल्या शेजाऱ्याकडे पाही, त्याला तो धडधाकट दिसे, आणि राजाज्ञा त्याला लहर वाटे. दोन्ही देशांत तंबाखू वाढतच गेली.

पहिला खरा वैद्यकीय धागा १७९५ सालीं हातीं लागला. झ्योमेरिंग या जर्मन शरीरशास्त्रज्ञानें असें नमूद केलें कीं, ओठाचा कर्करोग पाइप ओढणाऱ्यांत विशेष आढळतो. तो खालच्या ओठावर होतो. कारण पाइपची नळी आणि दांत यांच्या कचाट्यांत तोच ओठ सांपडतो. या लहानशा वाक्यांत रोग, जागा आणि कारण हीं तिन्ही एकत्र आलीं होतीं. असें असूनही पुढील शतकांत त्याचा आवाज क्षीणच राहिला. त्या शतकाच्या उत्तरार्धांत दोन असे रुग्ण झाले कीं, त्यांच्या घशांत काय चाललें आहे हें साऱ्या जगानें वर्तमानपत्रांतून वाचलें.

पहिला रुग्ण म्हणजे अमेरिकेचे सेनापति व माजी अध्यक्ष युलिसिस ग्रँट. १८६२ सालीं फोर्ट डोनेल्सनच्या विजयानंतर त्यांच्या हातांतील सिगारचें वर्णन वर्तमानपत्रांत आलें, आणि कृतज्ञ देशबांधवांनीं त्यांच्याकडे सिगारांच्या पेट्यांचा वर्षाव केला. ती संख्या दहा हजारांच्या घरांत गेली, असें खुद्द ग्रँट सांगत. प्रथम पाइप ओढणाऱ्या या गृहस्थाच्या हातून सिगार मग जन्मभर सुटला नाहीं. १८८४ च्या उन्हाळ्यांत एक फळ खातांना त्यांच्या घशांत तीव्र कळ उठली; पण तज्ज्ञ डॉक्टरांकडे ते शरद्‌ऋतूंत गेले. तोंवर जिभेच्या मुळाशीं कर्करोग रुजला होता. सिगार सुटले, परंतु वेळ टळून गेली होती. एका पेढीच्या दिवाळ्यांत त्यांचें सर्वस्व गेलेलें असल्यामुळें कुटुंबासाठीं कांहीं तरी मागें ठेवावें, या एकाच हेतूनें त्यांनीं आत्मचरित्र लिहावयास घेतलें. गिळतांना वेदना होत. पुढें आवाजही गेला, तेव्हां ते चिठ्ठ्या लिहून बोलूं लागले. ग्रंथ पुरा झाला आणि थोड्याच दिवसांनीं, २३ जुलै १८८५ रोजीं, त्यांचा अंत झाला. त्या ग्रंथानें कुटुंबाची ददात मिटविली.

दुसरा रुग्ण जर्मनीचा युवराज फ्रीड्रिख. हाही पाइपचा मोठा षोकी. १८८७ च्या जानेवारींत त्याचा आवाज बसला. मार्च महिन्यांत प्रोफेसर गेरहार्ट यांनीं गार्सियांच्या आरशानें तपासलें, तेव्हां डाव्या स्वरतंतूवर एक लहानशी गांठ दिसली. बेर्गमान यांच्यासारख्या शल्यविशारदांचें मत शस्त्रक्रिया करावी असें पडलें. परंतु लंडनहून बोलाविलेले कंठरोगतज्ज्ञ मोरेल मॅकेन्झी यांनीं आधीं त्या गांठीचा तुकडा सूक्ष्मदर्शक यंत्राखालीं तपासावा, असा आग्रह धरला. तो तुकडा तपासणारे फिरखो हे आपल्या काळांतील सर्वश्रेष्ठ विकृतिशास्त्रज्ञ होते. पण हातीं आलेल्या तुकड्यांत त्यांना कर्करोग आढळला नाहीं. शस्त्रक्रिया राहिली, आणि महिने निघून गेले. नोव्हेंबरांत रोगाचें स्वरूप निःसंशय झालें. ९ फेब्रुवारी १८८८ रोजीं श्वास कोंडूं लागल्यामुळें गळ्यास छिद्र पाडून नळी बसवावी लागली. महिन्याभरानें पिता वारला आणि फ्रीड्रिख सम्राट् झाला. परंतु या सम्राटाला आपल्या प्रजेशीं एक शब्दही बोलतां येत नव्हता. तोही चिठ्ठ्या लिहून आज्ञा देई. नव्याण्णव दिवस राज्य करून १५ जून १८८८ रोजीं तो मरण पावला.

या दोन मृत्यूंवर त्या काळीं वादविवाद उदंड झाले. पण त्यांचा भर निदान कोणाचें चुकलें, शस्त्रक्रिया करावयास हवी होती कीं नव्हती, यांवरच होता. धुराचा विषय निघे, नाहीं असें नाहीं. परंतु तो जणुं मनुष्याच्या स्वभावाचा एक भाग म्हणून निघे. याचें अधिक बोलकें उदाहरण व्हिएन्ना येथील मानसशास्त्रज्ञ डॉ. सिगमुंड फ्रॉइड यांचें आहे. ते स्वतः डॉक्टर, आणि दिवसाला वीसपर्यंत सिगार ओढीत. १९२३ सालीं त्यांच्या टाळूवर व जबड्याच्या आंतल्या बाजूस रोग दिसला. टाळूचा व जबड्याचा भाग काढावा लागला, मुख आणि नाक यांच्यामध्यें कृत्रिम पडदा बसविण्यांत आला, आणि पुढील सोळा वर्षांत तीसहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या. बोलणें कष्टाचें झालें, खाणें कष्टाचें झालें. सिगार सुटला नाहीं. मनुष्याच्या मनांतील छुप्या ओढींचा शोध घेणाऱ्या पंडितालाही ही एक ओढ आवरली नाहीं. २३ सप्टेंबर १९३९ रोजीं लंडन येथें त्यांचें निधन झालें.

एवढे रोगी, एवढे कुशल डॉक्टर, आणि दृष्टीस पडणारी जागा. मग कारण ओळखण्यास इतका विलंब कां लागला? याचीं कारणें तीन. पहिलें असें कीं, धूर आणि रोग यांच्यामध्यें वीस-तीस वर्षांचें अंतर असतें. तरुणपणीं पेरलेलें उतारवयांत उगवतें, आणि तोंवर पेरल्याची आठवणही पुसट होते. दुसरें, धूर ओढणाऱ्या प्रत्येकास हा रोग होत नाहीं. त्यामुळें नव्वदी गांठलेल्या एखाद्या आजोबांची चिलीम प्रत्येक उपदेशाला पुरून उरते. तिसरें, रोगी, डॉक्टर आणि न्याय करणारा समाज हे सारे एकाच धुरांत बसलेले होते. जेथें बहुतेक पुरुष धूम्रपान करतात, तेथें रोग्याच्या हातांतील पाइप कोणाच्या डोळ्यांत भरणार? एका रोग्याकडे कितीही बारकाईनें पाहिलें, तरी हें कोडें सुटणारें नव्हतें. त्यासाठीं शेंकडों रोगी व शेंकडों निरोगी माणसें शेजारी शेजारी मांडून मोजणें अवश्य होतें. हाच तो दुसरा आरसा.

या मोजणींत भारताला दुर्दैवानें पुढचें स्थान मिळालें; कारण येथें मुखाचे व घशाचे रोगी विपुल होते. १९३३ सालीं त्रावणकोर संस्थानांतील नेय्यूर येथें काम करणाऱ्या डॉ. ऑर यांनीं तंबाखूसह विडा चघळणाऱ्यांच्या मुखकर्करोगावर लेख प्रसिद्ध केला. २८ फेब्रुवारी १९४१ रोजीं मुंबईंत परळ येथें टाटा स्मारक रुग्णालय उघडलें, आणि डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्या हातीं तेथील विकृतिशास्त्र विभाग आला. १९५० सालीं इंग्लंडांत डॉल व हिल यांनीं आणि अमेरिकेंत विंडर व ग्रॅहॅम यांनीं सिगारेट व फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध मोजून दाखविला. १९५५ सालीं संघवी, राव व खानोलकर यांचा मुख, घसा व अन्ननलिका यांच्या कर्करोगावरील लेख ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्यें आला. रोग्यांच्या संवयी रोग नसलेल्यांच्या संवयींशीं ताडून पाहतां असें दिसलें कीं, तंबाखू चघळणाऱ्यांत रोगाचा रोख मुखाच्या पुढील भागाकडे असतो, आणि धूर ओढणाऱ्यांत तो जिभेचें मूळ, घसा व अन्ननलिका यांकडे वळतो.

जागेचा हा पुरावा फार बोलका आहे. पाइपची नळी जेथें टेकते त्या ओठावर, तंबाखूची गोळी जेथें राहते त्या गालांत, आणि धूर जेथें वळण घेतो त्या कंठांत रोग उभा राहतो. आंध्र प्रदेशाच्या किनारपट्टीवर अनेक स्त्रियांत चुट्ट्याचें पेटतें टोंक तोंडांत धरून ओढण्याची चाल आढळली. गोव्यांतही धुमटी या जाड विडीच्या बाबतींत अशी चाल दिसून आली आहे. एरवीं कर्करोग क्वचितच होणारी टाळूची जागा आंध्रांतील या स्त्रियांत विशेषेंकरून रोगग्रस्त झालेली दिसली. विस्तव जेथें, व्रण तेथें. अखेर १९६४ सालीं अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या समितीनें आपल्या प्रसिद्ध अहवालांत पुरुषांच्या स्वरयंत्राच्या कर्करोगास सिगारेट कारण आहे, असा निर्णय दिला. पाइप आणि ओठाचा कर्करोग यांचा कार्यकारणसंबंधही त्यांत मान्य झाला. झ्योमेरिंगच्या एका वाक्याला मान्यता मिळण्यास १६९ वर्षें लागलीं. मुखाच्या व घशाच्या इतर भागांविषयींचा पुरावा पुढें पूर्ण होत गेला, आणि १९८६ सालीं आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनें त्यांचाही समावेश धूम्रपानजन्य कर्करोगांत केला.

धूर हें सारें कसें घडवितो, हेंही आतां पुष्कळसें कळलें आहे. तंबाखूच्या धुरांत हजारों रासायनिक द्रव्यें असून त्यांपैकीं सुमारें सत्तर कर्करोगास कारणीभूत होणारीं आहेत. मनुष्याला बांधून ठेवतें तें निकोटिन. शरीराची हानि मुख्यत्वें करतात तीं डांबरासारखीं इतर द्रव्यें. मुखाच्या आंतील मऊ त्वचेच्या पेशी या द्रव्यांच्या व उष्णतेच्या माऱ्यानें जाड होऊं लागतात. टाळू पांढुरकी पडते व तिच्यावर तांबडे ठिपके दिसतात. गालावर किंवा जिभेवर न पुसला जाणारा पांढरा चट्टा उमटतो. सर्वच चट्ट्यांचा कर्करोग होत नाहीं, परंतु कांहींचा होतो. हिरड्यांची गोष्ट अधिक फसवी आहे. निकोटिनमुळें त्यांतील रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, म्हणून दांतांखालचें हाड झिजत असलें तरी रक्त येत नाहीं, आणि मनुष्य आपल्या हिरड्या निरोगी समजतो. जिभेची चव बोथट होते. स्वरतंतूंना सूज येऊन आवाज जाड व घोगरा होतो; स्त्रियांत हा फरक चटकन् लक्षांत येतो. धुरास मद्याची जोड मिळाली तर दोन्ही संकटांची नुसती बेरीज होत नाहीं, गुणाकार होतो.

१९५३ सालीं स्लॉटर या अमेरिकन शल्यविशारदानें व त्याच्या सहकाऱ्यांनीं आणखी एक मार्मिक गोष्ट दाखविली. रोगाची गांठ एका ठिकाणीं दिसत असली तरी तिच्या सभोंवारची त्वचाही बदललेली असते. एकच रोपटें उपटून भागत नाहीं. सारें शेतच बिघडलेलें असतें. एकदां बऱ्या झालेल्या रोग्यानें धूर चालू ठेवला तर दुसऱ्या जागीं रोग पुन्हां कां उभा राहतो, याचें उत्तर यांत आहे.

परंतु ज्या शास्त्रानें हें भय दाखविलें त्यानेंच आशाही दाखविली आहे. धूर सुटला कीं शरीर दुरुस्तीस लागतें. मुख, घसा व स्वरयंत्र यांच्या कर्करोगाचा वाढलेला धोका पांच ते दहा वर्षांत सुमारें निम्म्यावर येतो; कांहीं पांढरे चट्टे तर तंबाखू सोडल्यावर आपोआप नाहींसे होतात. कायदाही हळूहळू मार्गावर आला. भारतांत १९७५ च्या कायद्यानें सिगारेटच्या पाकिटावर इशारा आला, २००३ चा कायदा सर्व तंबाखूपदार्थांना लागू झाला, आणि २ ऑक्टोबर २००८ पासून सार्वजनिक ठिकाणीं धूम्रपानास बंदी झाली. एवढें होऊनही भारतीय पुरुषांत सर्वाधिक आढळणाऱ्या कर्करोगांत मुखाचा कर्करोग मोडतो, आणि बरेच रोगी ग्रँटप्रमाणेंच उशिरा येतात.

तो उशीर टाळणें हें प्रत्येक घराच्या हातीं आहे. दोन-तीन आठवड्यांत न भरणारा तोंडांतील व्रण, न पुसला जाणारा पांढरा किंवा तांबडा चट्टा, तीन आठवड्यांहून अधिक बसलेला आवाज, गिळतांना होणारी वेदना, मानेंत लागणारी गांठ, यांपैकीं कांहींही आढळलें तर घरगुती काढ्यांत दिवस न घालवितां डॉक्टरांस दाखवावें. गार्सियांना आपला कंठ पाहण्यासाठीं दोन आरसे व सूर्यप्रकाश लागला. ओठ, जीभ आणि गाल पाहण्यास भिंतीवरचा एक आरसा पुरतो. आग्र्याच्या दरबारांत त्या हकिमानें मागितलेली परीक्षा साडेतीनशें वर्षांहून अधिक काळ चालली. तींत एक सेनापति, एक सम्राट्, एक पंडित आणि ज्यांचीं नांवें कोठेंही लिहिलीं गेलीं नाहींत असे असंख्य साधे लोक खर्ची पडले. परीक्षेचा निकाल आतां हातीं आहे. तो पुन्हां स्वतःच्या घशावर ताडून पाहण्याचें कोणालाही कारण उरलेलें नाहीं.